पानगळीचे दिवस आणि आपले चिंतनलेखन

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतून नोव्हेंबर महिन्याच्या सुमारास एका विशिष्ट धाटणीचा लेख हमखास वाचावयास मिळतो. लेखक भल्या पहाटे खांद्याला कॅमेरा अडकवून रानवाटेने निघतो; वाटेत त्याला एक पिवळे पान पडलेले दिसते; तो वाकून त्याचे छायाचित्र घेतो आणि पुढच्याच परिच्छेदात ते पान मानवी आयुष्याचे प्रतीक होऊन बसते. पान देठापासून सुटते तसा आत्मा देहापासून सुटतो, झाड तक्रार करीत नाही तसे आपणही करू नये, आणि अखेरीस परलोकवासी आप्तांसाठी दोन ओळींची प्रार्थना. हा साचा आता इतका मुरला आहे की वाचकाला लेखाचा शेवट पहिल्याच ओळीत कळून चुकतो.

या लेखनाची टवाळी करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. सृष्टीकडे पाहून स्रष्ट्याकडे वळणे ही ख्रिस्तसभेची फार जुनी वाट आहे. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सूर्याला बंधू आणि पाण्याला भगिनी म्हणणारे आपले सृष्टिगीत १२२५ च्या सुमारास रचले, त्याला आता आठशे वर्षे झाली. लोयोलाकर संत इग्नेशियस यांच्या साधनेचे सूत्रच सर्व वस्तूंत परमेश्वराला शोधणे हे आहे. तेव्हा एखाद्या युवकाने वा धर्मभगिनीने रानातल्या पानापाशी थबकावे आणि चार ओळी लिहाव्यात, यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या पानावर चिंतन झाले ते पान लेखकाने खरोखर पाहिले होते काय?

शंका येण्याचे कारण साधे आहे. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे पानगळ होत नाही.

ज्या ऋतूला इंग्रजीत 'ऑटम' म्हणतात त्याला आपल्या कोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी 'शरद' हा प्रतिशब्द दिला आणि तेथूनच हा घोटाळा सुरू झाला. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस ओसरलेला, आकाश धुतलेले, ओढ्याचे पाणी नितळ, चांदणे स्वच्छ. डोंगरउतारावरचे गवत त्या दिवसांत सोनेरी होते हे खरे, पण झाडे भरगच्च हिरवी असतात. पाने गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. युरोपातील ख्रिस्ती माणसाला दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी दारातल्या झाडाखाली पानांचा सडा दिसत होता. फ्रान्समधील क्लुनी येथील मठाधिपती ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांमधून हा दिवस पाळण्याची प्रथा घातली. तो दिवस त्यांनी पानांकडे पाहून निवडला नव्हता. परंतु त्या हवामानात पुढील कित्येक पिढ्यांना त्या दिवसासाठी पानांची प्रतिमा आयतीच मिळाली. आपण स्मरणदिन घेतला, प्रार्थना घेतली, आणि नकळत तिकडची झाडेही उचलून आणली.

यात आपले नुकसान किती झाले, ते पंचांग आणि उपासना-दिनदर्शिका शेजारी शेजारी ठेवल्यास ध्यानात येते. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारीच्या आधी येत नाही आणि १० मार्चनंतर जात नाही. पुनरुत्थानाचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. म्हणजे सह्याद्रीतील पानझड आणि प्रायश्चित्तकाळ ही दोन्ही बहुधा बरोबरीने चालतात, आणि नवी पालवी ईस्टरला हजर असते. इंग्रजीतील 'लेंट' या शब्दाचा मूळ अर्थ वसंत ऋतू, दिवस लांबू लागण्याचा काळ, असा आहे. तिकडच्या भक्ताला उपवास करताना भोवती कळ्या फुटताना दिसतात. आपल्याला मात्र उपवासाच्या काळात उपवास करणारे झाड दिसते. असा योग युरोपीय ख्रिस्ती साहित्याच्या वाट्याला आला नाही. तो आपल्या वाट्याला आला आणि आपण त्याच्याकडे पाठ करून उसन्या पानांवर लिहीत राहिलो, हे प्रस्तुत लेखकाला खरोखर खंत करण्याजोगे वाटते.

उसनेपण म्हणजे परकेपण नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स या येशूसंघीय कवीने १८८० साली 'स्प्रिंग अँड फॉल' ही कविता लिहिली. गळणाऱ्या पानांसाठी हळहळणाऱ्या एका लहान मुलीला उद्देशून ती आहे, आणि ती मुलगी खरे तर कोणासाठी शोक करीत आहे, हे कवी तिला हळुवारपणे सांगतो. पानगळ आणि मरण यांची सांगड घालणारी इतकी थोडक्या शब्दांतली आणि इतकी निष्ठुरपणे खरी कविता शोधूनही सापडणार नाही. पण या कवितेच्या मागे काय आहे, ते पाहावे. १८६६ च्या उन्हाळ्यात, तो कॅथोलिक होण्याच्या काही महिने आधी, हॉपकिन्स आपल्या रोजनिशीत ओक वृक्षाची पाने फांदीवर कोणत्या नियमाने मांडलेली असतात याचा शोध घेत होता. कविता १८८० ची, आणि पानांकडे पाहण्याचा हा अभ्यास तिच्या चौदा वर्षे आधीचा. आपले चिंतनलेखक हॉपकिन्सचा निष्कर्ष घेतात. त्याची चौदा वर्षे कोणी घेत नाही.

मराठीत असे पाहणारे कोणी झाले नाही, असेही म्हणता येत नाही. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मराठी महिन्यांनी केलेली आहे. या मांडणीतच एक मोठा निर्णय आहे: लेखिका आधी दिवसांना वश होते, मग त्यांतून जे काही सुचेल ते लिहिते. ते पुस्तक ख्रिस्ती नाही आणि भक्तिपरही नाही. तरीही आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या ग्रंथालयात ते असावे असे वाटते. आपल्या परंपरेत त्याच्या जवळ जाणारे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ते प्रॉटेस्टंट होते ही गोष्ट येथे गौण आहे. 'वनवासी फूल' या त्यांच्या दीर्घ कवितेत कवी आणि रानफूल यांचा संवाद आहे. फुलाला स्वतःचे म्हणणे मांडण्याची मुभा तेथे आहे. आपल्या चिंतनलेखातील पानाला ती कधीच मिळत नाही. पान मुके असते आणि लेखक त्याच्या वतीने प्रवचन करतो.

आता हे सारे एखाद्या ठिकाणी नेऊन पारखून पाहावे, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. त्यासाठी आहुपे हे गाव घेऊ. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात अगदी पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, घोड नदीच्या उगमाकडच्या अंगाला ते वसले आहे. पलीकडे कडा तुटतो आणि खाली ठाणे जिल्ह्याचा मुरबाड तालुका दिसतो; आहुपे घाटाची जुनी पायवाट त्याच बाजूने उतरते. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याचे रान लगतच आहे. पुण्यामुंबईकडून आणि वसईकडून कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना हा भाग ठाऊक आहे, आणि आपल्या युवक मंडळींच्या पदभ्रमणाच्या यादीतही तो असतो.

नोव्हेंबरमध्ये आहुप्याला गेलेल्या छायाचित्रकाराला पिवळ्या पानांचा सडा सापडणार नाही. त्याला भाताची कापणी सापडेल. खाचरांतून पडलेले पेंढ्यांचे ढीग, खळ्यावरची झोडणी, उफणताना वाऱ्यावर उडणारे फोल. मृतांच्या महिन्यासाठी याहून समर्पक चित्र कोणते हवे? मत्तयच्या तेराव्या अध्यायात युगाच्या समाप्तीला प्रभूने कापणीच म्हटले आहे, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने खळ्याचा आणि सुपाचा दाखला दिला आहे. म्हणजे पवित्र शास्त्राची प्रतिमा आणि आंबेगावचे खाचर नोव्हेंबरमध्ये एकमेकांसमोर उभे असतात. आपला लेखक मात्र त्या दोहोंमधून वाट काढीत पिवळे पान शोधतो आहे.

फेब्रुवारीत गेल्यास वेगळे दिसते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. माथ्यावरचे रान बव्हंशी सदाहरित व निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, आंबा ही झाडे एकदम उघडी पडत नाहीत. जुनी पाने जातात आणि नवी येतात, ती कधी याच वेळी, झाड हिरवे असतानाच. उताराकडची झाडे मात्र निष्पर्ण होतात. काटेसावर आणि पांगारा पाने टाकून मग फुलतात, पळसही तसाच. पिंपळ थोडे दिवस रिकामा राहतो आणि मग तांबूस, कोवळ्या, जवळजवळ पारदर्शक पानांनी भरून जातो. कुसुंब मार्चमध्ये असा लालबुंद होतो की दुरून फुलला आहे असे वाटावे. जवळ गेल्यावर कळते की ती फुले नाहीत, नवी पाने आहेत. एकाच डोंगरावर, एकाच प्रायश्चित्तकाळात, कोणी सर्वस्व टाकून उभा आहे, कोणी न दिसेल असे हळूहळू बदलतो आहे, तर कोणी उघड्या फांद्यांवर फुले घेऊन उभा आहे. "झाड पाने टाकते, तसे आपण मोह टाकावेत" या एका वाक्यात हे मावत नाही. जो खरोखर पाहील त्याला असे वाक्य लिहिणे अवघड जाईल, आणि ते अवघड जावे हेच बरे.

बायबलमधील पानांकडेही आपण पुरेसे पाहिलेले नाही, असे वाटते. यशया संदेष्ट्याने चौसष्टाव्या अध्यायात आपणा सर्वांना वाळलेल्या पानाची उपमा दिली आहे, ती आपल्या लेखांत सतत येते. परंतु प्रभू येशूने पानाकडे बोट दाखवले तेव्हा ते गळणाऱ्या पानाकडे नव्हते. अंजिराची फांदी कोवळी होऊन तिला पाने फुटली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हांला कळते, असे तो शिष्यांना सांगतो. ऑलिव्हसारख्या सदाहरित झाडांच्या त्या मुलखात अंजिराचे झाड हिवाळ्यात उघडे पडते, म्हणून त्याची पालवी ही खूण ठरते. हे शेतावरच्या माणसाचे निरीक्षण आहे. आणि जेव्हा त्याला झाडावर नुसतीच पाने दिसली, फळ नाही, तेव्हा काय झाले तेही मार्कच्या अकराव्या अध्यायात आहे. नुसत्या पानांवर भागवणाऱ्या लेखनाने तो उतारा अधूनमधून वाचावा, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

कॅमेऱ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिंतनाच्या वाटेवर कॅमेरा अडथळा ठरतो, असे आपल्यातील काही ज्येष्ठ मानतात. तसे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या गेथसेमनी मठाचे ट्रॅपिस्ट साधू टॉमस मर्टन यांना त्यांचे मित्र जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांनी १९६८ साली एक कॅमेरा वापरावयास दिला. त्याच वर्षी तो घेऊन मर्टन भारतात आले, आणि १० डिसेंबर रोजी बँकॉक येथे त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांची छायाचित्रे पाहिली तर त्यांत मुळे आहेत, जुनी खुर्ची आहे, उन्हापावसाने झिजलेले लाकूड आहे. कशाचेही प्रतीक करण्याची घाई त्यांत नाही. जगातील एक थोर आध्यात्मिक लेखक, ज्याला शब्दांची कधी वाण पडली नाही, तो मुळाचे छायाचित्र काढतो आणि त्याखाली उपदेश लिहीत नाही. आपल्याकडे छायाचित्र हे मजकुराचे निमित्त असते. मर्टन यांच्याकडे ते स्वतःच पुरेसे आहे.

शिवाय कॅमेरा हा लेखकापेक्षा प्रामाणिक साक्षीदार आहे. पूर्वीचे काही कॅमेरे छायाचित्राच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटवीत. आजचा मोबाइल ती पोटात जपून ठेवतो. फेब्रुवारीत काढलेले चित्र नोव्हेंबरच्या लेखासोबत छापले, तर लेख खोटा ठरतो, चित्र नव्हे.

अर्थात कॅमेराही कधी डोळ्यांपेक्षा जास्त सांगतो, आणि तेथे सावध राहावे लागते. पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री भीमाशंकर-आहुप्याच्या रानात कुजणाऱ्या काटक्यांवर एक बुरशी वाढते आणि ती मंद प्रकाश देते. बुरशीच्या शरीरातील द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा थंड उजेड निर्माण होतो. नुसत्या डोळ्यांना तो फिकट दिसतो, अंधाराला डोळे सरावल्यानंतरच. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून झडप बराच वेळ उघडी ठेवली की चित्रात झगझगीत हिरवा रंग उतरतो. अशी चित्रे अलीकडे पुष्कळ पाहावयास मिळतात, आणि त्यांखाली 'अंधारातून प्रकाशाकडे' हे शीर्षक हटकून असते. पण त्या काटकीची गोष्ट अंधाराची नाही, कुजण्याची आहे. पडलेले पान आणि मोडलेली फांदी जागच्या जागी कुजू दिली, तरच हा उजेड होतो. देवराईत ते शक्य होते, कारण देवाच्या रानातून वाळकी काटकीदेखील घरी न्यायची नाही असा दंडक अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून या परंपरेचे महत्त्व जाणकारांपुढे आणले. ही श्रद्धा आपली नाही. परंतु गळालेल्या पानावरदेखील आपला हक्क नाही असे मानणाऱ्या माणसांकडून, ते पान लगेच उचलून उपमा करणाऱ्या आम्हां लेखकांना काही शिकता येईल.

आणि ही माणसे आपल्या चिंतनलेखांत नसतात. लेखातले रान नेहमी निर्मनुष्य असते. लेखक, पान आणि परमेश्वर यांखेरीज तेथे चौथे कोणी नाही. आहुप्याच्या परिसरात मात्र पान हे आधी कष्टाचे आहे. भाताचे रोप करण्यासाठी खाचराच्या एका तुकड्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर देऊन उन्हाळ्यात ते भाजतात. यालाच राब म्हणतात. पहिल्या पावसाच्या सुमारास त्या राखेत बी पडते. राबासाठी फांद्या तोडल्याने झाडांची हानी होते हा आक्षेप ब्रिटिशांच्या वनखात्यापासून चालत आला आहे आणि तो निराधार नाही. पण ज्याच्या हाती तेवढीच जमीन आहे त्याला दुसरा मार्ग कोणता, हेही विचारले पाहिजे. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख आपण कपाळाला लावतो, त्याच हंगामात डोंगरावर पाने जाळून राख होत असते आणि ती राख बियाण्यासाठी असते. एवढी मोठी गोष्ट समोर धुमसत असताना आपला कॅमेरा तिला चौकटीबाहेर ठेवतो, कारण धुराने चित्र बिघडते!

हिरड्याचेही तसेच. हिरडा गोळा करून, वाळवून विकणे हे या भागातील कुटुंबांच्या रोख मिळकतीचे मोठे साधन आहे. निसर्गचित्र काढणाऱ्याला हिरड्याचे झाड दिसते. त्याखाली वाकलेली बाई दिसत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' हे परिपत्रक काढले. आपल्या निसर्गचिंतनांत त्याचा उल्लेख वारंवार येतो. त्याचा दोनशे तेहतिसावा परिच्छेद प्रत्येकाने काढून पाहावा. परमेश्वराचा गूढ स्पर्श कोठे जाणवतो हे सांगताना तेथे पान आहे, डोंगरवाट आहे, दवबिंदू आहे, आणि त्याच यादीत, जराही खंड न पाडता, गरीब माणसाचा चेहरा आहे. तळटीपेत आधार दिला आहे तो अली अल्‌-खव्वास या मुसलमान सूफी संताचा. आपल्या लेखांनी त्या यादीतून पान घेतले, वाट घेतली, दव घेतले आणि चौथी गोष्ट सोडून दिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या लेखनाचे मोल येथे कळते. हरित वसईच्या चळवळीत उभ्या राहिलेल्या त्या धर्मगुरूंच्या दृष्टीने झाड हे कधीच एकट्याचे नव्हते. ते कोणाच्या तरी वाडीतले असे, त्यावर कोणाचे तरी पोट असे, आणि कोणाचा तरी डोळाही असे. ते २०२४ साली गेले. त्यांच्यानंतर लिहिणाऱ्यांनी निदान एवढी नजर राखावयास हवी होती.

आहुप्याकडे जाताना डिंभे धरण मागे टाकले की पुढे माळीण लागते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तेथे डोंगर घसरून गावाची बहुतेक घरे गाडली गेली आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वाटेवरून कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांना हे ठाऊक असते. तरीही या डोंगरांवर लिहिलेल्या चिंतनांत सृष्टी केवळ शांत, केवळ सांत्वन देणारी अशीच येते. ईयोबाच्या पुस्तकात परमेश्वर वादळातून बोलतो, हे आपणांस मान्य आहे. आपल्या लेखांत तो फक्त मंद झुळकेतून बोलतो. माळीणवर काही लिहावेच असा आग्रह नाही, आणि ज्याला त्या दुःखाशी देणेघेणे नाही त्याने लिहूही नये. मात्र दोन नोव्हेंबरच्या अंकासाठी, त्या परिसरात काढलेल्या पिवळ्या पानावर मृत्यूचे चिंतन लिहायचे आणि शेजारच्या गावाचे नावही घ्यायचे नाही, हे वाचकाला खटकणारच.

संपादकांनाही एक सुचवावेसे वाटते. आपल्या अंकांतून निसर्गाचे छायाचित्र छापले जाते तेव्हा त्याखाली बहुधा शास्त्रवचन असते आणि काढणाऱ्याचे नाव असते. त्यासोबत गावाचे नाव, झाडाचे नाव आणि तारीख छापावी. एका ओळीत ते बसते. झाडाचे नाव ठाऊक नसेल, तर लेखकाला ते गावात विचारण्यासाठी पुन्हा एक खेप घालावी लागेल, आणि ज्याला विचारायचे तो माणूस बहुधा त्या वेळी राबाचे काम करीत असेल.